फिरत्या घरातून कोकण किनारा : प्रवासाचे नियोजन आणि गावांची तयारी

पर्यटन म्हणजे गाडीने जावे, हॉटेलात उतरावे आणि ठरलेली स्थळे पाहून परत यावे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण कल्पना आहे. गेल्या काही वर्षांत या कल्पनेला एक नवी जोड मिळाली आहे. झोपण्याची सोय, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि शौचालय एकाच मोटारीत असलेले वाहन घेऊन कुटुंबे प्रवासाला निघू लागली आहेत. या वाहनास कॅराव्हॅन असे म्हणतात. मराठीत त्यास फिरते घर किंवा निवासवाहन म्हणता येईल. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व युरोपातील देशांत अशा वाहनांचा प्रसार फार पूर्वीच झाला. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आणि या प्रकाराला राज्यात अधिकृत चालना मिळाली. केरळ राज्यानेही त्याच वर्षी असे धोरण जाहीर केले.

या धोरणामागील विचार समजून घेणे उपयुक्त ठरेल. अभयारण्यांचा परिसर, गडकिल्ल्यांचे पायथे, समुद्रकिनारे अशा अनेक रमणीय स्थळी पक्क्या बांधकामास परवानगी मिळत नाही, आणि ती मिळू नये हेच इष्ट आहे. तेथे पर्यटकाची राहण्याची सोय करावयाची आणि जमिनीवर कायमचा भार मात्र टाकावयाचा नाही, हा हेतू निवासवाहनाने साधू शकतो. वाहन येते, एकदोन रात्री थांबते व निघून जाते. तथापि वाहन निघून गेले तरी त्याचे सांडपाणी, मैला आणि कचरा मागे राहिला, तर बांधकाम टाळून काय मिळविले, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच प्रवाशाने करावयाचे नियोजन आणि गावाने करावयाची तयारी या दोन्ही गोष्टींचा एकत्रित विचार करणे आवश्यक आहे. या दृष्टीने कोकण किनाऱ्यावरील एका प्रवासाचे उदाहरण येथे घेतले आहे.

वाहनाची ओळख

निवासवाहनात सामान्यतः तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची, दुसरी न्हाणी व मोरीतील सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. चौघांच्या कुटुंबाने काटकसरीने दरडोई २५ लिटर पाणी वापरले, तरी दिवसाला १०० लिटर पाणी लागते आणि जवळजवळ तितकेच सांडपाणी तयार होते. म्हणजेच १५० लिटरची टाकी असलेल्या वाहनास दीड दिवसात पाणी भरावे लागते आणि टाकी रिकामीही करावी लागते. प्रवासाचा आराखडा करताना किलोमीटरच्या हिशोबाआधी हा पाण्याचा हिशोब मांडला पाहिजे.

विजेची गोष्टही तशीच आहे. दिवे, पंखा व लहान शीतपेटी वाहनातील बॅटरीवर चालू शकतात. वातानुकूलन यंत्र मात्र सुमारे दीड ते दोन किलोवॅट वीज घेते आणि त्यासाठी बाहेरून जोडणी लागते. चार वाहने एकाच जागी उभी राहिली व चौघांनीही यंत्र लावले, तर सहा ते आठ किलोवॅटचा भार येतो. घरगुती जोडणीतून तार ओढून हा भार देणे धोक्याचे आहे. स्वतंत्र जोडणी, योग्य जाडीची तार व व्यवस्थित भूयोजन म्हणजे अर्थिंग या तीन गोष्टी तेथे अनिवार्य मानल्या पाहिजेत.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वाहनाच्या तळाशी साचतो. म्हणून वाहन चालू असताना, विशेषतः फेरीबोटीत चढविण्यापूर्वी, सिलिंडरची कळ बंद करावी. बंद वाहनात शेगडी किंवा कोळसा पेटवून उष्णता घेणे प्राणघातक ठरू शकते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

प्रवासाचा मार्ग

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. या किनाऱ्यालगत रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा सागरी मार्ग हा आपल्या प्रवासाचा कणा होय. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ याच्या पूर्वेकडून जवळजवळ समांतर जातो. त्यामुळे अडचण आली तर महामार्गावर परतण्याची सोय राहते. दहा-बारा दिवसांचा अवकाश असल्यास पुढीलप्रमाणे टप्पे ठरविता येतात.

पहिल्या दिवशी पनवेलजवळचे कर्नाळा पक्षी अभयारण्य पाहून अलिबाग परिसरात मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी मुरूडच्या वाटेवरील फणसाड अभयारण्य घ्यावे. जंजिरा संस्थानच्या नबाबांचे हे पूर्वीचे शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. आपला राज्यप्राणी शेकरू येथे आढळतो. अलिबाग ते मुरूड हे अंतर सुमारे ५० किलोमीटरच आहे, परंतु वाटेत अभयारण्य असल्याने पूर्ण दिवस राखून ठेवणे श्रेयस्कर.

तिसऱ्या दिवशी आगरदांडा येथे फेरीबोटीतून राजपुरी खाडी ओलांडून दिघी गाठावी व दिवेआगर किंवा श्रीवर्धन येथे थांबावे. चौथ्या दिवशी हरिहरेश्वर पाहून बागमांडला–वेसवी ही बाणकोट खाडीवरील फेरी घ्यावी आणि मंडणगड तालुक्यातील वेळास गावी यावे. पाचव्या दिवशी केळशी, आंजर्ले व हर्णै हा टप्पा. हर्णैच्या समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. सहाव्या दिवशी दाभोळ–धोपावे फेरीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून गुहागर, तर सातव्या दिवशी तवसाळ–जयगड फेरीने गणपतीपुळे व तेथून सुमारे २५ किलोमीटरवर रत्नागिरी.

आठवा दिवस विश्रांतीचा ठेवावा. या दिवशी पाणी भरणे, टाक्या रिकाम्या करणे, कपडे धुणे, चाकांतील हवा व ब्रेक तपासणे ही कामे उरकावीत. नवव्या दिवशी विजयदुर्ग व देवगड, दहाव्या व अकराव्या दिवशी मालवण. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला आहेच. शिवाय १९८७ साली घोषित झालेले २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्यही आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. परतीच्या वाटेवर कणकवलीहून फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरी अभयारण्याकडे वळता येते. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे क्षेत्र १९५८ सालापासून संरक्षित असून राज्यातील ते पहिले अभयारण्य होय.

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार याच किनारी मार्गावर आहेत. या घटनेमुळे किनाऱ्यावरील गावांकडे येणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढण्याचा संभव आहे, हे पंचायतींनी ध्यानात घेतले पाहिजे.

खाड्या, घाट आणि गल्ल्या

नकाशावर हा प्रवास सोपा दिसतो. प्रत्यक्षात तीन गोष्टी त्याचा वेग ठरवितात.

पहिली गोष्ट खाड्यांची. जेथे पूल पूर्ण झालेला नाही तेथे फेरीबोटीवरच विसंबावे लागते. निघण्यापूर्वी आपल्या वाहनाची लांबी, उंची व वजन फेरी चालविणाऱ्यांना कळवून ते घेतले जाईल याची खात्री करावी. शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवावी. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार अधिक तीव्र भासतो आणि लांब वाहनाचा मागील भाग जमिनीला घासतो. अशा वेळी पाणी वर येईपर्यंत थांबणे हिताचे.

दुसरी गोष्ट घाटांची. पाण्याने भरलेले वाहन जड असते. घाट उतरताना केवळ ब्रेकवर भिस्त ठेवल्यास ते तापून निकामी होण्याचा धोका असतो. ज्या गिअरमध्ये चढ चढावा त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक येथे पाळावा. घाट ओलांडण्याचे काम दिवसाउजेडी करावे.

तिसरी गोष्ट गावांतील रस्त्यांची. कोकणातील जुनी गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून वसली आहेत. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारे रस्ते बैलगाडीच्या रुंदीचे आहेत. वाहनाची उंची तीन मीटरच्या आसपास असेल, तर झुकलेल्या फांद्या व विजेच्या तारा यांचा अडथळा होतो. समोरून एस. टी. बस आली तर मागे सरकण्यासही जागा नसते. म्हणून वाहन गावाच्या वेशीवर उभे करून पायी किंवा रिक्षाने आत जावे. या सर्व कारणांनी दिवसाला ८० ते १०० किलोमीटर हीच मर्यादा योग्य समजावी.

समुद्राचे वेळापत्रक

किनाऱ्यावरील मुक्कामात भरती-ओहोटीचे ज्ञान आवश्यक आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते व तिची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातील कोळी बांधव यासाठी एक सोपा आडाखा वापरतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीस सहाच्या सुमारास. पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती असते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा आडाखा स्थूल आहे. नेमक्या वेळेसाठी छापील कोष्टक पाहावे आणि स्थानिक मच्छीमारांना विचारावे.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत पाणी नेहमीपेक्षा बरेच वर चढते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते व चढउतार कमी राहतो. ओहोटीच्या वेळी घट्ट दिसणाऱ्या पुळणीवर गाडी नेण्याचा मोह अनेकांना होतो. वरचा थर घट्ट असला तरी खालची वाळू पाण्याने भरलेली असते. चाक एकदा रुतले की इंजिनाच्या जोराने ते अधिकच खोल जाते आणि मग भरती कोणासाठी थांबत नाही. दोनतीन टन वजनाचे वाहन वाळूत कधीही नेऊ नये, हा नियम निरपवाद समजावा.

हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणा मार्गावरील खडकांवर भरतीच्या वेळी जाणे जिवावर बेतू शकते. गणपतीपुळ्याचा समुद्रही पोहण्यास धोकादायक मानला जातो. पंचायतीने लावलेले सूचनाफलक आणि जीवरक्षकांची सूचना यांचे पालन करण्यात कमीपणा नाही.

रात्रीचा उजेड आणि कासवे

वेळास गावाने या किनाऱ्यावर एक मोलाचा पायंडा पाडला आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. पूर्वी ज्यांची अंडी वाळूतून उकरून नेली जात, त्याच कासवांची घरटी गावकरी राखू लागले. मादी हिवाळ्याच्या सुमारास किनाऱ्यावर येऊन शंभराहून अधिक अंडी घालते. ती कुंपणाच्या आत सुरक्षित पुरली जातात आणि साधारणपणे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. हा सोहळा पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था गावातील घरांतूनच होते. त्यामुळे कासव जगणे हे गावाच्या उत्पन्नाशी जोडले गेले आहे.

पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. चांदण्याने उजळलेले समुद्राचे क्षितिज त्यांना पाण्याकडे नेते. किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या वाहनाचे प्रखर दिवे रात्रभर चालू राहिले, तर पिल्ले उलट दिशेला जातात व मरतात. किनाऱ्यावर चढणारी मादीही उजेड पाहून अंडी न घालताच परत फिरते. तेव्हा नोव्हेंबर ते मे या काळात अशा किनाऱ्यांवर वाहन सुरूबनाच्या आड, समुद्राकडे दिवे न रोखता उभे करावे. हे कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यास किंवा त्याच्या अंड्यांस उपद्रव देणे हा गंभीर गुन्हा होय.

अभयारण्यांबाबतही असेच भान हवे. वाहनात राहण्याची सोय आहे म्हणून जंगलात कोठेही रात्र काढता येते, असा गैरसमज नसावा. अभयारण्यातील प्रवेश वन विभागाच्या परवानगीनेच होतो. वाहन प्रवेशद्वाराबाहेर नेमून दिलेल्या जागी ठेवावे व ठरलेल्या वेळेत परत यावे.

मैल्याची टाकी कोठे रिकामी करावी?

हा प्रश्न थोडा अप्रिय असला तरी सर्वांत महत्त्वाचा आहे. कोकणात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही अनेक गावांत एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची टंचाई भासते. जांभा दगड सच्छिद्र आहे. त्यातून पाणी झपाट्याने खाली जाते आणि समुद्राला मिळते. किनाऱ्यावरील वाळूतही तेच घडते. ज्या वाटेने पावसाचे पाणी मुरते त्याच वाटेने सांडपाणीही मुरते आणि ते थेट शेजारच्या विहिरीत उतरू शकते. एखाद्या वाहनाने रात्रीच्या अंधारात सड्यावर रिकामी केलेली मैल्याची टाकी ही त्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात विष कालविण्यासारखी आहे. कावीळ, अतिसार व विषमज्वर हे रोग याच मार्गाने पसरतात.

दुसरीकडे, पाहुण्यांसाठी किनाऱ्यालगतच्या विहिरीतून पंपाने बेसुमार उपसा केला, तर गोड्या पाण्याची पातळी खाली जाऊन खारे पाणी आत शिरते. एकदा मचूळ झालेली विहीर पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो.

याकरिता प्रत्येक मुक्कामाच्या जागी मैला रिकामा करण्याची बंदिस्त सोय हवी. दोन कप्प्यांचा सेप्टिक टँक, झाकणासह जोडणीचे तोंड आणि धुण्यासाठी नळ, एवढ्यावर हे काम भागते. ही जागा विहिरीपासून दूर व तिच्या उताराच्या बाजूस असावी. वाहनातील शौचालयात दुर्गंध घालविण्यासाठी काही प्रवासी तीव्र रसायने वापरतात. ती सेप्टिक टँकमधील मैला कुजविणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतात. म्हणून त्यांच्या वापरास मनाई करणारा फलक तेथे लावावा. टाकी केव्हा उपसली, याची नोंदवही ठेवावी.

पंचायतीने काय करावे?

निवासवाहनातून येणारा प्रवासी आपले अंथरूण व आपली चूल बरोबर घेऊन येतो. शहरातूनच किराणा भरून आणला, तर गावात त्याचा एक रुपयाही खर्च होत नाही. कचरा मात्र गावाला उचलावा लागतो. या व्यवहारात गाव तोट्यात राहू नये यासाठी पुढील उपाय योजता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे जागा निश्चित करावी. ग्रामसभेत चर्चा करून रस्त्यालगतची, कठीण जमिनीची, चार-पाच वाहने मावतील अशी जागा निवडावी. किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध १९९१ सालापासून लागू झाले व २०१९ साली त्यांची नवी अधिसूचना निघाली. भरतीरेषेपासूनचे अंतर व परवानग्या यांची खात्री तालुका व जिल्हा पातळीवरील कार्यालयांकडून करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. राज्याच्या धोरणात कॅराव्हॅन पार्कच्या नोंदणीची तरतूद आहे. तिचा तपशील पर्यटन संचालनालयाकडून मिळवावा.

दुसरे म्हणजे शुल्क ठरवावे. पाणी, वीज, मैला विल्हेवाट व कचरा या चार सेवांचे दर स्वतंत्रपणे फलकावर लिहावेत आणि प्रत्येक रकमेची पावती द्यावी. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या चौकटीत राहून केलेली आकारणी प्रवाशालाही मान्य होते. पावतीविना मागितलेले पैसे मात्र गावाचे नाव खराब करतात.

तिसरे म्हणजे गावातील उत्पादन प्रवाशापर्यंत पोहोचवावे. महिला बचत गटांनी सकाळची न्याहारी, मोदक-घावन, कोकम सरबत, ताजी भाजी व मासळी जागेवर पुरविली, तर वाहनातील चूल सहसा पेटत नाही. किल्ला, देवराई, खारफुटी दाखविण्यासाठी गावातीलच माहितगार तरुण नेमावेत.

चौथे म्हणजे मर्यादा ठरवावी. विहिरीचे उन्हाळ्यातील पाणी मोजून एका वेळी किती वाहने सामावतील, हे आधीच निश्चित करावे. टंचाईच्या काळात ही संख्या कमी करण्याचा अधिकार ग्रामसभेने आपल्या हाती ठेवावा. आधी गावाची घागर, मग पाहुण्याची टाकी, हा क्रम कोणत्याही परिस्थितीत बदलू नये.

शिक्षकांनाही या कामात मोठा वाटा उचलता येईल. तिथीवरून भरतीची वेळ काढणे, विहिरीच्या पाण्याची पातळी दर आठवड्यास मोजून आलेख काढणे, किनाऱ्यावरील कचऱ्याची वर्गवारी करणे हे उपक्रम गणित, भूगोल व विज्ञान या तिन्ही विषयांना पूरक आहेत. विद्यार्थ्यांनी मोजलेले आकडे शाळेच्या भिंतीवर लागले, तर ग्रामसभेतील चर्चेलाही आधार मिळतो.

निघण्यापूर्वी

प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत ठेवावा. पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळतात, समुद्र खवळतो व फेऱ्या बंद पडू शकतात. वाहनाची नोंदणी, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र व चालकाचा परवाना तपासून घ्यावा. वाहन भाड्याचे असल्यास प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे की नाही, हेही पाहावे. अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचार पेटी, ओढण्याचा मजबूत दोर व सुटे चाक जवळ असावे. प्रत्येक मुक्कामाच्या ठिकाणी पाणी कोठे भरणार आणि टाकी कोठे रिकामी करणार, हे आधी दूरध्वनीवर विचारून कागदावर लिहून ठेवावे. त्यातील दुसऱ्या रकान्यात उत्तर नसेल, तर तो मुक्काम बदलावा.

कोकणचा किनारा हा केवळ प्रेक्षणीय प्रदेश नव्हे. तो हजारो कुटुंबांच्या उपजीविकेचा व पिण्याच्या पाण्याचा आधार आहे. नव्या पर्यटनाचे स्वागत करताना या आधाराला धक्का लागणार नाही, अशी व्यवस्था आज लहान प्रमाणावरच उभारणे सुलभ आहे. वाहनांची रांग लागल्यावर नियम करण्यापेक्षा, पहिले वाहन वेशीवर येण्यापूर्वीच ग्रामसभेने हा विषय चर्चेस घ्यावा, हे सर्वांच्याच हिताचे ठरेल.